सनद आणि मान्यता : अमेरिकेतील विद्यार्थी-बंधुमंडळांवरील दुहेरी शिस्त

१

अमेरिकेतील विद्यापीठीय जीवनाचा अभ्यास करणाऱ्यास ‘फ्रॅटर्निटी’ आणि ‘सोरॉरिटी’ या विद्यार्थी-संस्थांची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ग्रीक वर्णमालेतील दोन-तीन अक्षरांचे नाव, गुप्त दीक्षाविधी, आयुष्यभराचे सभासदत्व आणि बहुधा विद्यापीठाच्या आवारालगत असलेले सामायिक निवासाचे घर, ही या संस्थांची ठळक लक्षणे होत. पहिल्या प्रकारच्या संस्था पुरुषांच्या व दुसऱ्या स्त्रियांच्या असल्यामुळे त्यांना अनुक्रमे बंधुमंडळे व भगिनीमंडळे म्हणणे सोयीचे होईल. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली ‘फाय-बीटा-कॅपा’ ही ग्रीक अक्षरांची पहिली विद्यार्थी-संस्था. पुढे ती विद्वत्तेचा गौरव करणारी संस्था झाली. आज ज्या अर्थाने बंधुमंडळ ही संज्ञा योजली जाते त्या अर्थाचा आरंभ शेनेक्टडी येथील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅपा-अल्फा सोसायटी’पासून धरतात. पुढे ‘पाय-बीटा-फाय’ या नावाने प्रसिद्धीस आलेले स्त्रियांचे मंडळ १८६७ साली इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजात निघाले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे ‘अल्फा-फाय-अल्फा’ हे मंडळ १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात.

एका कॉलेजातील मंडळाने दुसऱ्या कॉलेजात शाखा काढावी, शाखा वाढल्या की अधिवेशन भरवावे, अधिवेशनाने घटना संमत करावी आणि घटनेच्या अंमलबजावणीसाठी पगारी नोकरवर्ग असलेले मुख्यालय उभे राहावे, असा या संस्थांचा विकासक्रम दिसतो. या क्रमाची परिणती अशी झाली की, प्रत्येक शाखेला दोन वरिष्ठ लाभले. एक वरिष्ठ दूरच्या गावी असलेले मुख्यालय. ते शाखेला सनद देते. दुसरा वरिष्ठ ज्या आवारात शाखा नांदते ते विद्यापीठ. ते शाखेला मान्यता देते. शाखेने गैरवर्तन केले तर मुख्यालय सनद काढून घेऊ शकते आणि विद्यापीठ मान्यता.

दोन पहारेकरी असले म्हणजे घर अधिक सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे, आणि बंधुमंडळांच्या बाजूने बोलणारे या दुहेरी व्यवस्थेचा दाखला मोठ्या विश्वासाने देतात. हा समज कितपत खरा आहे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे. ती करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य आहे. प्रत्येक सत्ता शिक्षा करते ती कशाच्या रक्षणासाठी, हा पहिला प्रश्न. आणि शिक्षा केल्यानंतर तिची जबाबदारी कितपत शिल्लक राहते, हा दुसरा. रूढ विवेचनात पहिल्याचा विचार थोडा होतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ होतच नाही.

२

सनदेचा उगम कराराच्या स्वरूपाचा आहे. विद्यार्थी स्वेच्छेने सभासद होतो, मंडळाची घटना मान्य करतो, आणि त्या घटनेनुसार मुख्यालयाला त्याच्यावर व त्याच्या शाखेवर अधिकार प्राप्त होतो. स्वयंसेवी संस्थांच्या अंतर्गत कारभारात न्यायालये सहसा हात घालीत नाहीत. संस्थेने स्वतःचे नियम पाळले किंवा नाही एवढेच ती बहुधा पाहतात. संविधानातील भाषणस्वातंत्र्याची हमी सरकारविरुद्ध असते, खाजगी मंडळाविरुद्ध नसते. म्हणून मुख्यालय एका रात्रीत शाखा बंद करू शकते, आणि त्यासाठी साक्षीपुरावा मांडण्याचे बंधन त्याच्यावर असलेच तर ते त्याच्याच घटनेने घातलेले असते.

मान्यतेचा उगम वेगळा आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत विद्यापीठ हे पालकाच्या ठिकाणी आहे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात प्रबळ होती. तथापि तेव्हाही तिला मर्यादा होत्या. परड्यू विद्यापीठाने बंधुमंडळाचा त्याग लिहून दिल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम केला, तेव्हा इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये तो अमान्य केला. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या वर्तनाचे नियमन विद्यापीठाने करावे, परंतु केवळ सभासदत्वावरून दार बंद करू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. उलट मिसिसिपी राज्याने १९१२ साली कायदा करून सरकारी शिक्षणसंस्थांतून ही मंडळे हद्दपार केली, तेव्हा संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये तो कायदा वैध ठरविला.

१९६१ साली या प्रश्नास नवे वळण लागले. वर्णभेदाविरुद्धच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल अलाबामा स्टेट कॉलेजातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांच्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने असे ठरविले की, सरकारी कॉलेजाने आरोपाची सूचना व म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून विद्यार्थ्याला काढता कामा नये. पालकत्वाच्या कल्पनेला बसलेला हा निर्णायक धक्का होता. पुढे जॉर्ज मेसन विद्यापीठाने ‘सिग्मा-काय’च्या शाखेला एका ओंगळ व वर्णद्वेषी सोंगाबद्दल शिक्षा केली, तेव्हा १९९३ मध्ये अपील न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या तत्त्वावर ती रद्द ठरविली. मात्र विद्यापीठाच्या सर्वच शिक्षा न्यायालयात टिकत नाहीत असे नव्हे. घरात अमली पदार्थ सापडल्यावर पिट्सबर्ग विद्यापीठाने ‘पाय-लॅम्ब्डा-फाय’च्या शाखेची मान्यता काढली, तो निर्णय २००० साली कायम झाला, या शाखेचे व्यवहार विचारप्रकटनाच्या स्वरूपाचे नसल्यामुळे त्या संरक्षणास ती पात्र नाही, असे न्यायालयाचे मत पडले. खाजगी विद्यापीठे या सांविधानिक बंधनांच्या बाहेर आहेत. त्यांना मुख्यतः त्यांच्याच नियमपुस्तिकेतील वचने बांधतात.

दोन्ही सत्तांची शस्त्रेही निराळी आहेत. मुख्यालय सर्व कार्यक्रम थांबविण्याचा हुकूम काढते, शाखेला परिवीक्षेवर ठेवते, प्रतिनिधी पाठवून एकेका सभासदाची मुलाखत घेते, नकोशा सभासदांना ‘माजी सभासद’ ठरवून बाजूस सारते आणि अखेरीस सनद काढते. विद्यापीठ नव्या सभासदांची भरती बंद करते, समारंभांना मनाई करते, मान्यता स्थगित अथवा रद्द करते. शिवाय विद्यार्थ्याला निलंबित करण्याची किंवा काढून टाकण्याची सत्ता केवळ त्याच्याकडेच असते. पदवी विद्यापीठाच्या हाती, अक्षरे मुख्यालयाच्या हाती, आणि ज्या घरात सर्व घडते ते घर पुष्कळदा या दोघांपैकी कोणाचेच नसून माजी सभासदांच्या एखाद्या स्वतंत्र मंडळीच्या मालकीचे, असा हा त्रिकोण आहे. शिस्तीच्या चर्चेत घराच्या मालकाचा उल्लेख क्वचितच येतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

३

या दोन सत्तांचे हेतू भिन्न आहेत हे जितके स्पष्टपणे विसाव्या शतकाच्या मध्यावर दिसून आले, तितके आधी वा नंतर दिसले नाही. अनेक मंडळांच्या घटनांत सभासदत्व गोऱ्या वर्णाच्या अथवा ख्रिस्ती धर्माच्या लोकांपुरते मर्यादित करणारी कलमे होती. जेथे लेखी कलम नव्हते तेथे अलिखित रूढी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर काही शाखांतील विद्यार्थ्यांना ही बंधने असह्य झाली. १९४८ साली अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजातील ‘फाय-कॅपा-साय’च्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास सभासद करून घेण्याचे ठरविले. मुख्यालयाने शाखा निलंबित केली. शाखेने माघार घेतली नाही. राष्ट्रीय मंडळाशी संबंध सोडून ती स्थानिक मंडळ म्हणून नांदू लागली. १९५६ साली कॉर्नेल व टफ्ट्स येथील ‘सिग्मा-कॅपा’ या भगिनीमंडळाच्या शाखांनी कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना प्रवेश दिला. त्या वर्षीच मुख्यालयाने दोन्ही शाखा निलंबित केल्या. १९६५ साली स्टॅनफर्ड येथील ‘सिग्मा-काय’च्या शाखेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास निमंत्रण दिले, आणि लवकरच तिच्यावरही निलंबनाची कुऱ्हाड कोसळली. कारवाईमागे वंशाचे कारण असल्याचे मुख्यालयाने मान्य केले नाही. परंतु घटनांचा क्रम पाहणाऱ्यांना तो योगायोग वाटला नाही.

या प्रसंगांत शिस्तभंग झाला होता, यात संशय नाही. शाखांनी वरिष्ठांची इच्छा डावलली होती. परंतु ज्या कृत्याबद्दल मुख्यालय शिक्षा करीत होते, तेच कृत्य अनेक विद्यापीठांना अपेक्षित होते. १९५३ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या विश्वस्तांनी आपल्या कॉलेजांतील सामाजिक मंडळांना बाहेरच्या कोणत्याही राष्ट्रीय संस्थेशी संबंध ठेवण्यास मनाई केली आणि वंश वा धर्म यांवरून होणारा भेदही निषिद्ध ठरविला. मंडळे न्यायालयात गेली. १९५४ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायपीठाने विश्वस्तांचा अधिकार मान्य केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने अपील विचारार्थ घेतले नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या नियामकांनी १९५६ साली निराळा मार्ग धरला. १ सप्टेंबर १९६२ नंतर ज्या मंडळाची घटना, विधी किंवा नियंत्रण शाखेला भेदभाव करण्यास भाग पाडील, त्या मंडळाची शाखा परिवीक्षेवर जाईल, असा त्यांचा ठराव होता. स्टॅनफर्डच्या प्रकरणानंतर या ठरावाचा प्रयोग कोलोरॅडोतील ‘सिग्मा-काय’च्या शाखेवर झाला. मंडळाने दावा केला. १९६६ मध्ये तो फेटाळला गेला.

कोलोरॅडोचा हा ठराव बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याने शाखेला शिक्षा केली खरी, परंतु दोष ठेवला तो मुख्यालयाच्या सत्तेवर. स्टॅनफर्डमधील मुख्यालयाच्या वर्तनाचे फळ कोलोरॅडोतील तरुणांना भोगावे लागले. यावरून दुहेरी शिस्तीचा पहिला दोष उघड होतो. दोन वरिष्ठांचा कलह असला तरी आघात नेहमी शाखेवरच होतो, कारण दोघांच्याही हातात सापडणारी तीच एक वस्तू असते. विद्यापीठ मुख्यालयाला शिक्षा करू शकत नाही आणि मुख्यालय विद्यापीठाला करू शकत नाही.

दुसरे अनुमानही येथूनच निघते. मुख्यालयाने रक्षण केले ते नावाचे आणि दूरदूरच्या शाखांच्या व माजी सभासदांच्या ऐक्याचे. विद्यापीठाने रक्षण केले ते आवाराच्या नियमांचे व आपल्या सार्वजनिक स्थानाचे. यांपैकी विद्यापीठाचा पक्ष नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ होता, हे निःसंशय. परंतु तो श्रेष्ठ होता तो त्या काळी त्याच्या हाती असलेल्या नियमांमुळे. विद्यापीठ या सत्तेच्या स्वभावातच न्यायबुद्धी आहे असे म्हणण्यास आधार नाही. अलाबामा स्टेट कॉलेजाने सत्याग्रही विद्यार्थ्यांना काढले तेही विद्यापीठीय शिस्तीच्याच नावाने.

४

पुढील काळात वादाचा विषय बदलला. वंशविषयक कलमे घटनांतून नाहीशी झाली आणि शिस्तीच्या केंद्रस्थानी ‘हेझिंग’ आले. नव्या उमेदवाराला सभासद करून घेण्यापूर्वी त्याचा छळ, अपमान अथवा सक्तीचे मद्यपान घडविणे, असा या शब्दाचा अर्थ आहे. भारतात रॅगिंग म्हणून जो प्रकार ओळखला जातो, आणि ज्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा अधिनियम आहे, त्याच्याशी याचे साम्य आहे. परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. वसतिगृहातील रॅगिंग नवागत म्हणून आलेल्या कोणाच्याही वाट्याला येते. हेझिंग हे ज्या मंडळात जाण्याची विद्यार्थ्याला उत्कट इच्छा आहे त्या मंडळाचे प्रवेशमूल्य असते. म्हणून बळी पडणारा स्वतःच पुष्कळदा मौन पाळतो, आणि बाहेरच्या कोणत्याही सत्तेला वेळीच वार्ता लागत नाही.

या विषयाने दोन्ही सत्तांपुढे दायित्वाचा प्रश्न उभा केला. १९८० च्या दशकात नुकसानभरपाईचे दावे वाढले, विम्याचे हप्ते भडकले, आणि १९८७ साली काही मंडळांनी एकत्र येऊन विमा मिळविण्यासाठी गट स्थापन केला. या गटाने मद्य, समारंभ आणि दीक्षा यांविषयी जे नियम केले त्यांचा प्रसार पुढे बहुतेक मुख्यालयांत झाला. म्हणजे मुख्यालयाच्या शिस्तीचा आधुनिक ग्रंथ मोठ्या अंशी विमेदाराच्या गरजेतून लिहिला गेला. त्यामुळे तो निरुपयोगी ठरतो असे नाही. परंतु त्याची दृष्टी कोणती, हे विसरून चालणार नाही. भगिनीमंडळांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राष्ट्रीय परिषदेतील भगिनीमंडळांच्या घरांत मद्याला मुख्यालयाने मनाई केलेली असते. त्यामुळे मद्य असलेले समारंभ बंधुमंडळांच्या घरी होतात. भगिनीमंडळाचे घर व त्याचा विमा सुरक्षित राहतो. विद्यार्थिनी मात्र जेथे दाराची किल्ली, पेयाचा पेला आणि यजमानाचा अधिकार यांपैकी काहीच त्यांच्या हाती नसते अशा घरात जातात. नियम पाळला गेला, एवढ्यावर मुख्यालयाचा हिशेब पुरा होतो.

न्यायालयांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. डेलावेअर विद्यापीठात १९८० साली दीक्षेच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या अंगावर भट्टी साफ करण्याचे दाहक द्रव्य ओतले गेले. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये असा विचार मांडला की, विद्यापीठाने हेझिंगविरुद्ध नियम केले होते, इशारे दिले होते, धोक्याची त्याला जाणीव होती. अशा स्थितीत त्याच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य येते. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वॉबॅश कॉलेजासंबंधीच्या प्रकरणांत वेगळी दिशा घेतली. राष्ट्रीय मंडळ नियम करते, शिकवण देते आणि गैरवर्तनानंतर शिक्षा करते. परंतु शाखेच्या दैनंदिन व्यवहारावर त्याचे प्रत्यक्ष नियंत्रण नसते, म्हणून केवळ या नियमांमुळे त्याच्यावर देखरेखीचे कर्तव्य लादता येत नाही, असा तेथील निष्कर्ष होता. नियम करणाऱ्यासच दंड झाला तर कोणी नियमच करणार नाही, ही त्यामागील भीती समजण्यासारखी आहे.

परंतु या तर्काचा व्यवहारातील परिणाम काय होतो? घटनेनंतर शिक्षा करणारा निर्धास्त राहतो आणि घटनेपूर्वी लक्ष घालणारा दायित्व ओढवून घेतो. मुख्यालयाने शाखेच्या घरी रोज माणूस ठेवला तर नियंत्रण सिद्ध होते. वर्षातून एकदा व्याख्यान देऊन नंतर सनद काढली तर होत नाही. हाच हिशेब विद्यापीठालाही लागू पडतो. अशा रीतीने दूर राहून कठोर शिक्षा करणे हाच दोन्ही सत्तांना शहाणपणाचा मार्ग वाटू लागतो. कठोरता आणि दूरत्व यांची ही सांगड दुहेरी शिस्तीचा दुसरा, आणि अधिक गंभीर, दोष होय.

केवळ नियमाने प्रथा मरत नाही, याचे प्रमाणही उपलब्ध आहे. कृष्णवर्णीयांच्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९० साली उमेदवारीचा काळ रद्द करून प्रवेशाची नवी पद्धत घातली. प्रथा थांबली नाही, ती भूमिगत झाली; १९९४ मध्ये मिसूरी राज्यात अशाच एका प्रसंगात एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. २०१७ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील ‘बीटा-थीटा-पाय’च्या घरी सक्तीच्या मद्यपानानंतर पडून एक विद्यार्थी मरण पावला. ते घर नियमाने मद्यमुक्त होते. त्याच महिन्यात मुख्यालयाने शाखा विसर्जित केली आणि मार्चमध्ये विद्यापीठाने मान्यता कायमची काढली. दोन्ही पहारेकऱ्यांनी आपापले कर्तव्य बजावले; बजावले ते मृत्यूनंतर.

५

अलीकडील दोन प्रकरणांवरून या सत्तांच्या गतीतील व दृष्टीतील अंतर स्पष्ट होते. ८ मार्च २०१५ रोजी ओक्लाहोमा विद्यापीठातील ‘सिग्मा-अल्फा-एप्सिलॉन’च्या सभासदांचे बसमधील वर्णद्वेषी गाणे चित्रफितीतून उघडकीस आले. त्याच रात्री मुख्यालयाने शाखा बंद केली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी विद्यापीठाचे संबंध तोडले, १० मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत घर रिकामे करण्याचा हुकूम दिला, आणि त्यानंतर दोन विद्यार्थ्यांना काढून टाकले. ही तत्परता वाखाणली गेली. परंतु सरकारी विद्यापीठाला केवळ उच्चारलेल्या शब्दांबद्दल, ते कितीही घृणास्पद असोत, विद्यार्थ्यास काढता येते काय, असा प्रश्न कायदेपंडितांनी तेव्हाच विचारला. मुख्यालयापुढे ती अडचण नव्हती.

त्याहून बोधप्रद गोष्ट त्या महिन्याच्या अखेरीस बाहेर आली. ते गाणे शाखेतील सभासद चार वर्षांपूर्वी राष्ट्रीय मंडळानेच योजलेल्या जलपर्यटनावरील नेतृत्व-शिबिरात शिकून आले होते, असा विद्यापीठाच्या चौकशीचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्याने पहिल्या रात्री न्यायाधीशाची भूमिका घेतली, त्याच्याच अंगणात अपराधाचे मूळ निघाले. मुख्यालयाची शिक्षा तत्काळ होती म्हणून ती चौकशीच्या आधी झाली; आणि चौकशीच्या आधी झाली म्हणून दोष एका शाखेपुरताच आहे असे प्रथमदर्शनी भासले. चौकशी केली ती विद्यापीठाने. संथ व प्रक्रियेने बांधलेल्या सत्तेचा हा गुण नेहमी दुर्लक्षित राहतो. मात्र मुख्यालयाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यापीठाला एकच शाखा दिसते; देशभरातील शाखांची तुलना करण्याची, एका ठिकाणची वाईट प्रथा दुसरीकडे कशी पोहोचली हे ओळखण्याची सोय केवळ मुख्यालयाला आहे. ही सोय असूनही तिचा उपयोग शिक्षेपूर्वी होत नाही, हाच आक्षेप आहे.

दुसरे प्रकरण इंडियानातील डीपॉ विद्यापीठाचे. ‘डेल्टा-झीटा’ या भगिनीमंडळाच्या तेथील शाखेची सभासदसंख्या घटली होती. २००६ च्या अखेरीस मुख्यालयाने सभासदांच्या मुलाखती घेऊन पस्तीसपैकी तेवीस जणींना ‘माजी’ ठरविले व घर सोडण्यास सांगितले. भरतीच्या कामी निष्ठा कमी पडली, हे मुख्यालयाने दिलेले कारण. रूप व लोकप्रियता यांवरून निवड झाली, ही काढलेल्यांची तक्रार. या विद्यार्थिनींनी कोणाचा छळ केला नव्हता, कोणता कायदा मोडला नव्हता. ज्या साधनाने अपराध्यांना वगळायचे, त्याच साधनाने संस्थेला न शोभणाऱ्यांना वगळले गेले. मार्च २००७ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट बॉटम्स यांनी मंडळाशी विद्यापीठाचे संबंध तोडले. येथे विद्यापीठाने मुख्यालयाविरुद्ध विद्यार्थिनींचा कैवार घेतला, आणि दोन सत्ता असण्याचे समर्थन करायचे तर या प्रसंगाइतके चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही. तरीही उपाय एकच होता : संबंध तोडणे.

६

येथे विवेचनाचा मुख्य मुद्दा हाती येतो. सनद काढणे काय किंवा मान्यता काढणे काय, दोन्ही सत्तांची अंतिम शिक्षा ही संबंधविच्छेदाची आहे. ज्या क्षणी ती अमलात येते त्या क्षणी शिक्षा करणाऱ्याची जबाबदारी संपते. पालकाने मुलाला शिक्षा केली तरी मूल त्याचेच राहते. न्यायालयाने कैद फर्मावली तरी कैदी राज्याच्या ताब्यात राहतो. येथे मात्र शिक्षा झालेली मंडळी आपल्या घरात, आपल्या सवयींसह, पूर्वीपेक्षा अधिक मोकळी राहू शकते. शिक्षेचे शेवटचे पाऊल म्हणजे हात झटकणे, अशी ही शिस्त आहे.

याची फळे दिसू लागली आहेत. २००४ मध्ये एका उमेदवाराच्या मृत्यूनंतर कोलोरॅडो विद्यापीठाने बोल्डर येथील बंधुमंडळांपुढे नवा करार ठेवला. २००५ साली त्यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले आणि विद्यापीठाच्या मान्यतेविना आपली स्वतंत्र परिषद चालविली. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील पाच बंधुमंडळांनी विद्यापीठाशी फारकत घेतली. विद्यापीठाने त्यांना दहा वर्षे मान्यता न देण्याचे जाहीर केले. मान्यता गेली तरी सनद असल्यामुळे नाव, वस्त्रावरील अक्षरे व भरती चालू राहते. उलट अ‍ॅम्हर्स्टच्या जुन्या शाखेप्रमाणे सनद गेली तरी स्थानिक मंडळ म्हणून जगता येते. एका पहारेकऱ्याने दार लावले तर दुसरे उघडे आहे, आणि दोन्ही लागली तरी घर उभेच आहे.

डार्टमथ कॉलेजाच्या अनुभवावरून या शक्तीचे खरे अधिष्ठान कळते. तेथील ‘अल्फा-डेल्टा’ हे मंडळ १९६९ पासून स्थानिक होते. त्याला मुख्यालयच नव्हते. सभासदांच्या अंगावर डाग देण्याच्या प्रकारावरून २०१५ साली त्याची मान्यता काढली गेली. ती शिक्षा परिणामकारक झाली ती हॅनोव्हर गावच्या जमीनवापराच्या नियमामुळे. कॉलेजाची मान्यता नसलेल्या घराचा विद्यार्थिनिवास म्हणून वापर करण्यास गावाने हरकत घेतली, आणि २०१७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा पक्ष उचलून धरला. जेथे शिस्त घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली तेथेच ती पुरी झाली.

२३ डिसेंबर २०२४ रोजी संमत झालेल्या संघीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगच्या प्रसंगांची आकडेवारी आणि दोषी ठरलेल्या संस्थांचा वृत्तान्त प्रसिद्ध करणे भाग पाडले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, कारण ते स्मृतीची सोय करते. शाखेतील विद्यार्थी चार वर्षांत बदलतात. सनद काढून जुने सभासद पदवी घेऊन जाईपर्यंत थांबावे व मग नव्याने शाखा वसवावी, हा मुख्यालयांचा प्रघात या विस्मृतीवरच उभा आहे. तथापि आकडेवारी मान्य-अमान्य सर्व संस्थांची द्यावयाची असली, तरी नावानिशी वृत्तान्ताचे बंधन विद्यापीठाने स्थापिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांपुरतेच आहे. मान्यतेतून बाहेर पडलेली शाखा त्या वृत्तान्तातूनही बाहेर पडते. उणीव जेथे होती तेथेच राहिली आहे.

तात्पर्य, दोन सत्तांची बेरीज म्हणजे दुप्पट संरक्षण हा समज टिकत नाही. मुख्यालयाची शिस्त अनियंत्रित परंतु त्वरित आहे. विद्यापीठाची शिस्त मंद परंतु न्यायाच्या अधिक जवळ जाणारी आहे. चौकशी विद्यापीठाने करावी, तिचे निष्कर्ष मुख्यालयाने देशभरच्या शाखांना लावून पाहावे, आणि शिक्षेनंतरही घर व त्यातील विद्यार्थी कोणाच्या देखरेखीखाली राहतील हे शिक्षेच्या आदेशातच लिहिले जावे, एवढे झाले तर दुहेरी व्यवस्थेला काही अर्थ येईल. यासाठी न्यायालयांनाही आपला हिशेब तपासावा लागेल. आधी लक्ष घालणाऱ्यापेक्षा नंतर हात झटकणारा अधिक सुरक्षित, ही स्थिती जोवर आहे तोवर कोणतीही सत्ता घटनेपूर्वी त्या घराची पायरी चढणार नाही. सनद नावाची राखण करते, मान्यता आवाराची. अठरा-एकोणीस वर्षांचा जो मुलगा किंवा मुलगी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकते, तिची राखण करणे हे यांपैकी कोणाचे काम, या प्रश्नाचे उत्तर दोन शतकांच्या या इतिहासात अजून लिहिले गेलेले नाही.